आमच्या नावाची हद्द

ट्रेडमार्कच्या, म्हणजे व्यापारचिन्हाच्या, नोंदणीचं प्रमाणपत्र आलं तेव्हा ताईने ते दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं. आम्ही दोघी बहिणी वह्या बनवतो. बाहेर कापडी आवरण आणि आत बदलता येणारी पानांची गड्डी, असं त्यांचं स्वरूप. वह्यांचं नाव 'टिपणे' या क्रियापदाला जरा मुरड घालून घडवलेलं आहे. ते नाव मी इथे लिहीत नाही, कारण पुढे जो वाद झाला तो मिटवताना दोन्ही बाजूंनी तशी अट मान्य केली आहे. पण प्रमाणपत्र पाहून त्या दिवशी मला काय वाटलं ते सांगते. जमिनीचं खरेदीखत हातात पडावं तसं वाटलं. हा शब्द आता आमचा, याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

पुढची सहा वर्षं मी याच समजुतीत काढली.

सहाव्या वर्षी एका मोठ्या कंपनीने जवळपास त्याच नावाच्या वह्या बाजारात आणल्या. आमच्या नावातलं शेवटचं अक्षर तेवढं बदललं होतं. रागाच्या भरात मी आठवडाभर शोध घेत बसले आणि आमचं किंवा आमच्या जवळ जाणारं नाव वापरणाऱ्या सात जणांची यादी केली. त्या कंपनीखेरीज यादीत होता आमच्या आवरणांत बसतील अशा पानांच्या गड्ड्या विकणारा एक माणूस, आमच्याच वह्या घाऊक घेऊन स्वस्तात विकणारा एक दुकानदार, आमच्या कागदावर शाई फुटते अशी तक्रार नाव घेऊन लिहिणारी एक विद्यार्थिनी, नोंदी ठेवण्याचं एक मोबाइल ॲप, परदेशातला एक वहीवाला आणि आमच्याही आधीपासून तशाच नावाने वह्या बांधणारी एक छोटी कार्यशाळा. यांतल्या गड्डीवाल्याला तर मी वकिलाचा सल्ला घेण्याआधीच एक खरमरीत पत्र धाडलं होतं: आमचं नाव ताबडतोब काढा, नाहीतर कोर्टात भेटू.

वकीलबाईंनी यादी बाजूला ठेवली आणि आधी प्रमाणपत्र मागितलं.

"तुम्ही काय नोंदवलंय?"

"आमचं नाव," मी म्हणाले.

"नाव नाही, चित्र नोंदवलंय. हे बघा."

खरंच तसं होतं. आम्ही अर्ज भरताना आमचा लोगो जोडला होता: वळणदार अक्षरांतलं नाव आणि शेजारी दुमडलेल्या पानाची आकृती. नोंदणी झाली ती या सबंध जुळणीची. नुसता शब्द साध्या अक्षरांत नोंदवला असता, तर तो कुठल्याही वळणात लिहिला तरी आमच्या हक्काखाली आला असता. आता कुणी फक्त शब्द उचलला आणि पान वगळलं, तर आम्हाला आधी हे सिद्ध करावं लागणार होतं की या चित्रात ग्राहकाच्या लक्षात राहतो तो शब्दच. अशक्य नाही, पण वाट चढाची. अर्ज भरणाऱ्या प्रत्येकाला मी आता हेच सांगते. आधी साधा शब्द नोंदवा, लोगो नंतर वेगळा नोंदवा. लोगो दर काही वर्षांनी बदलतो, शब्द राहतो.

मग त्यांनी शब्दाकडे मोर्चा वळवला. अमेरिकेत १९७६ साली ॲबरक्रॉम्बी अँड फिच या कंपनीच्या एका खटल्यात न्यायाधीशांनी नावांची एक उतरंड मांडली होती, ती त्यांनी कागदावर काढून दाखवली. तळाला वस्तूचं सर्वसामान्य नाव. ते कुणालाच मिळत नाही. त्यावर वस्तूचं वर्णन करणारा शब्द. तो मिळतो, पण वर्षानुवर्षं वापरून लोकांच्या मनात तो तुमच्या मालाशी जोडला गेला तरच. त्यावर सूचक शब्द, मग भलत्याच अर्थाचा शब्द, आणि सगळ्यात वर संपूर्ण बनवलेला, अर्थच नसलेला शब्द. जितकं वर जावं तितका हक्काचा आवाका मोठा. आमचा शब्द सूचक होता, आणि वर्णनाच्या पायरीला अगदी खेटून उभा होता. टिपणं काढायच्या वहीला टिपण्यावरून नाव! आम्हाला ते नाव सुचलं तेव्हा त्याचा हाच गुण वाटला होता, की ऐकताक्षणी वस्तू कळते. नेमक्या त्याच कारणाने ते कायद्याच्या दृष्टीने अशक्त होतं. 'टिपणांसाठी उत्तम वही' असं कुणीही लिहू शकतं आणि मला त्याला हटकता येत नाही. भाषेतला शब्द भाषेकडेच राहतो. हे ऐकून मला वाईट वाटलं, पण विचार केल्यावर पटलंही. 'टिपण' हा शब्द वापरायला मला उद्या दुसऱ्या कुणाची परवानगी काढावी लागली, तर मी किती चिडेन!

त्यानंतर वकीलबाई हक्काच्या मूळ वाक्याकडे वळल्या. देशोदेशीचे कायदे वेगवेगळे असले तरी १ जानेवारी १९९५ पासून लागू झालेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेविषयीच्या कराराने सगळ्यांना एकच सांगाडा दिला आहे. त्याच्या १६ व्या कलमात मालकाचा हक्क सांगितला आहे. दुसऱ्याने संमतीशिवाय, व्यापार करताना, तुमच्यासारखं किंवा मिळतंजुळतं चिन्ह, तुम्ही ज्यासाठी नोंदणी केली तशाच किंवा मिळत्याजुळत्या मालावर वापरलं, आणि त्यामुळे लोकांचा घोटाळा होण्याची शक्यता असेल, तर त्याला रोखायचं. चिन्हही तेच आणि मालही तोच असेल तर घोटाळा होणार असं गृहीतच धरतात. बाकी सगळीकडे तो दाखवून द्यावा लागतो.

"या वाक्यातला प्रत्येक तुकडा म्हणजे एक चाळणी आहे," वकीलबाई म्हणाल्या. "आता तुमची यादी काढा."

विद्यार्थिनी पहिल्याच चाळणीत सुटली. ती काही विकत नव्हती, आमच्या वहीबद्दल मत सांगत होती, आणि वही ओळखू यावी म्हणून नाव घेत होती. (शाई फुटते हे खरं होतं. आम्ही नंतर कागद बदलला.) दुकानदारही सुटला. आम्ही स्वतः विकलेला अस्सल माल पुढे विकताना त्याने आमचं नाव वापरायचं नाही तर कुठलं वापरायचं? एकदा मालकाच्या हातून माल बाजारात गेला की त्या नगापुरता हक्क संपतो. तो माल एका देशात विकला की फक्त तिथेच संपतो की जगभर, हे ट्रिप्सने मुद्दाम ज्या त्या देशावर सोडलं आहे. आमच्या बाबतीत तो प्रश्नच नव्हता.

परदेशातल्या वहीवाल्यावर बाईंनी काट मारली आणि फक्त एक वर्ष सांगितलं: १८८३. त्या साली झालेल्या आणि पुढे सुधारत गेलेल्या पॅरिस करारात हे तत्त्व आहे की एका देशातली नोंदणी दुसऱ्या देशातल्या नोंदणीपासून स्वतंत्र असते. पहिल्या अर्जानंतर सहा महिन्यांत तिकडेही अर्ज केला असता तर आमची मूळ तारीख तिथे धरली गेली असती. ते सहा महिने कधी आले आणि गेले, आम्हाला पत्ताही नव्हता.

ॲपची गोष्ट जरा वेगळी. जगभर माल आणि सेवा यांचे ४५ वर्ग मानले जातात, ३४ मालाचे आणि ११ सेवांचे. वह्या १६ व्या वर्गात, सॉफ्टवेअर ९ व्या. वर्ग वेगळा म्हणजे आपोआप मोकळीक असं नाही, आणि वर्ग एकच म्हणजे आपोआप उल्लंघन असंही नाही. वस्तू कोण घेतं, कुठून घेतं, एकीऐवजी दुसरी चालते का, हे बघतात. कागदाची वही आणि मोबाइलमधल्या नोंदी यांत नातं आहे असं मी बराच वेळ भांडून सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमचं नाव घराघरांत पोचलेलं असतं तर वेगळ्या मालापर्यंतही हात पोचला असता. सुप्रसिद्ध चिन्हांना कायदा ती मुभा देतो. तुम्ही अजून तिथे नाही." ते खरंच होतं, त्यामुळे मी गप्प बसले.

छोट्या कार्यशाळेबद्दल बोलताना मात्र त्या गंभीर झाल्या. आधीपासून चालत आलेल्या हक्कांना नोंदणीने बाधा येत नाही, हे त्याच १६ व्या कलमात लिहिलं आहे. आम्ही त्यांच्या वाटेला गेलो असतो तर कदाचित त्यांनीच आमची नोंदणी उलटवली असती. आम्ही त्यांना हात लावायचा नाही असं ठरवलं, आणि ताईने त्यांना स्वतःहून एक साधं पत्र लिहिलं: आम्ही आहोत, तुम्हीही आहात, एकमेकींच्या आड येऊ नये. उत्तर आलं ते एका बांधणीकार बाईंचं, चार ओळींचं आणि मायेचं.

गड्डीवाल्याशी मी जे वागले त्याची मला अजून लाज वाटते.

तो त्याच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत स्वतःचं नाव लिही आणि खाली बारीक: 'अमुक आवरणांत बसते'. त्या 'अमुक'च्या जागी आमचं नाव. मी त्याला चोर म्हटलं होतं. वकीलबाईंनी मला फिनलंडमधला एक खटला सांगितला. तिथल्या एका कंपनीने दाढीची पाती विकताना वेष्टनावर लिहिलं होतं की ही पाती जिलेटच्या सेन्सर मुठीतही बसतात. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं. २००५ साली न्यायालयाने म्हटलं की वस्तू कशासाठी आहे हे लोकांना पुरेपूर कळायला दुसरा व्यवहार्य मार्ग नसेल, तर दुसऱ्याचं चिन्ह लिहिता येतं, फक्त ते व्यापारातल्या सचोटीला धरून हवं. आपला आणि मूळ मालकाचा काही संबंध आहे असं भासवायचं नाही, त्याच्या लौकिकाचा गैरफायदा घ्यायचा नाही, त्याची बदनामी करायची नाही, आपला माल त्याच्या मालाची नक्कल म्हणून पुढे करायचा नाही. आमच्या गड्डीवाल्याने यातलं काहीही केलं नव्हतं. वही पुन्हा पुन्हा भरून वापरता यावी म्हणून आम्ही ती तशी बनवली होती, आणि हा माणूस ती भरायची सोय करत होता.

शिवाय काही देशांत निराधार धमकी देणं हेच दाव्याचं कारण ठरतं. म्हणजे मी पाठवलेल्या त्या पत्रावर तोच मला कोर्टात खेचू शकला असता. वकीलबाईंनी हे शांतपणे सांगितलं आणि त्याच बैठकीत पत्र मागे घेणारं दुसरं पत्र माझ्याकडून लिहून घेतलं.

सातातली सहा नावं अशी गळाली. उरली ती मोठी कंपनी.

इथे मात्र हक्क खरोखर होता. माल तोच, दुकानं तीच, उच्चार जवळजवळ तोच. दोन नावं टेबलावर शेजारी ठेवून फरक मोजायचे नसतात. ग्राहकाला एक नाव अंधुक आठवत असतं आणि दुसरं समोर दिसतं, त्या क्षणी त्याचं काय होईल हे बघायचं. आम्ही नोटीस पाठवली. चार आठवड्यांनी उत्तर आलं, आणि ते वाचताना माझे हात थरथरत होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: तुमची नोंदणी चित्राची आहे, शब्द वर्णनात्मक आहे, आणि तुमच्या १८ व्या आणि ४१ व्या वर्गातल्या नोंदण्या आम्ही रद्द करून घेणार आहोत, कारण तुम्ही त्या कधी वापरल्याच नाहीत.

हे तिसरं वर्मी लागलं. अर्ज भरताना एजंट म्हणाला होता, जागा अडवून ठेवा, पुढे कामी येईल. म्हणून आम्ही वह्यांबरोबर पिशव्या आणि शिकवणी-कार्यशाळा यांसाठीही नाव नोंदवलं होतं. सहा वर्षांत आम्ही एकही पिशवी शिवली नाही, एकही वर्ग घेतला नाही. ट्रिप्स म्हणतं की सलग किमान तीन वर्षं वापर नसेल तरच नोंदणी रद्द करता येते, आणि बऱ्याच देशांनी ती मुदत पाच वर्षांची ठेवली आहे. आम्ही कुठल्याही हिशेबाने बाहेर होतो. ही कंपनी पिशव्या विकत होती, दोन वर्षांपासून, त्याच नावाने. आम्ही न वापरलेल्या जागेवर पाटी लावून बसलो होतो आणि ते तिथे प्रत्यक्ष काम करत होते. मला त्यांचा राग आला होता तरी या मुद्द्यावर ते बरोबर होते, असं मी आज मनापासून म्हणते. हे मोठमोठ्यांनाही चुकत नाही. २०२४ च्या जूनमध्ये युरोपीय संघाच्या सर्वसाधारण न्यायालयाने मॅकडोनाल्ड्सला 'बिग मॅक' या नावाचा काही मालापुरता आणि उपाहारगृह सेवेपुरता हक्क नाकारला, कारण सलग पाच वर्षं त्या मालासाठी खराखुरा वापर झाल्याचा पुरेसा पुरावा त्यांना देता आला नव्हता.

मग आमचे पुराव्याचे तीन महिने सुरू झाले. नावाचा वापर कधीपासून, कुठे, किती, हे कागदाने दाखवायचं. तारखा असलेली बिलं, छापखान्याच्या पावत्या, जुने कॅटलॉग, प्रदर्शनातल्या टेबलाचे फोटो. नुसता फोटो चालत नाही, तो कधीचा हे कळलं पाहिजे. ताईने पहिल्या वर्षाची पावतीपुस्तकं एका पत्र्याच्या पेटीत जपली होती, त्याबद्दल मी तिला कितीदा हसले होते. त्या पेटीनेच आम्हाला तारलं.

आणि मग ते चुकून आलेले निरोप. त्या कंपनीच्या वहीचा पुठ्ठा सुटतो अशी तक्रार लोक आम्हाला पाठवत होते. कित्येक महिने. 'तुमची वही पूर्वी अशी नव्हती,' असं एका काकांनी लिहिलं होतं. आम्हाला तो ताप वाटायचा. आमच्याकडे काम करणारी मुलगी प्रत्येकाला नम्रपणे उत्तर देऊन तो निरोप पुसून टाकायची, कारण मीच तिला सांगितलं होतं की निरोपांची पेटी मोकळी ठेव. लोकांचा घोटाळा होऊ शकतो हे दाखवणं पुरेसं असतं, पण घोटाळा झालाच आहे हे दाखवता आलं तर त्याच्याइतकं वजनदार काही नाही, आणि तेच मी महिनोन्महिने कचऱ्यात टाकत होते. शेवटी अकरा निरोप हाती लागले. त्यातला काकांचा निरोप वकीलबाईंनी सगळ्यांत वर ठेवला.

मध्यस्थाच्या समोर आम्ही दोनदा बसलो. माझी आणखी एक मागणी होती. आमची वही पूर्ण सपाट उघडते, तशीच बांधणी त्यांनी उचलली होती, तीही थांबवा. मध्यस्थांनी नकारार्थी मान हलवली. काम करणारी रचना चिन्हाच्या हक्कात येत नाही. लेगोने आपल्या खेळण्याच्या विटेचा आकार चिन्ह म्हणून राखायचा प्रयत्न केला होता आणि २०१० साली युरोपीय न्यायालयाने तो नाकारला, कारण तो आकार तांत्रिक काम करतो. अशा गोष्टीला पेटंट असतं आणि पेटंटला मुदत असते. चिन्हाची नोंदणी नूतनीकरण करत कितीही काळ चालवता येते, म्हणून कायदा तिच्या आडून यंत्ररचना कायमची अडवू देत नाही. आम्ही पेटंट घेतलंच नव्हतं, आणि तशी बांधणी आमच्याआधीही होती हे मला आतून ठाऊक होतं.

दुसऱ्या बैठकीत काकांच्या निरोपाची प्रत त्यांच्या अधिकाऱ्याने वाचली आणि बराच वेळ काही बोलला नाही. त्या दुपारी करार झाला. सहा महिन्यांत, हातातला साठा संपवून, ते वह्यांवरचं नाव बदलणार. पिशव्यांवर ते त्यांचं नाव ठेवणार, पण आमच्या पानाच्या आकृतीसारखं काही वापरणार नाहीत. आम्ही १८ आणि ४१ हे वर्ग सोडून दिले. कुणी कुणाला पैसे दिले नाहीत. ताई म्हणाली, "आपण अर्धं हरलो." मला तसं वाटत नाही. जे सोडलं ते आम्ही कधी केलंच नव्हतं.

त्यानंतर आम्ही साध्या अक्षरांतल्या शब्दासाठी नवा अर्ज केला, फक्त १६ व्या वर्गात. हरकत आली, शब्द वर्णनात्मक असल्याची. या वेळी मी रडले नाही. पत्र्याची पेटी तयार होती. सहा वर्षांच्या वापराने लोक हा शब्द ऐकून आमचीच वही आठवतात, हे दाखवणारे कागद जोडले, आणि नोंदणी झाली. आता चुकून आलेल्या निरोपांची एक वेगळी वही ठेवली आहे. तारीख, नाव, शब्दशः मजकूर.

गड्डीवाल्याने माझ्या दुसऱ्या पत्राला दोन महिने उत्तर दिलं नाही. मग एक दिवस पाकीट आलं, आत त्याच्या नव्या गड्डीचा नमुना. वेष्टनावर आमचं नाव पूर्वीइतकंच बारीक होतं, आणि त्याच्याखाली एक ओळ त्याने स्वतःहून वाढवली होती: 'आवरण बनवणाऱ्यांशी आमचा संबंध नाही.' कागद चांगला होता. ताईने ती गड्डी आमच्याच आवरणात घालून पाहिली. नीट बसली.